एक्स बरोबर तीन आणि मोठ्या काकूंची तार

भांडणाला कारण लागतं, असं शिकलेले लोक म्हणतात. मोठ्या काकूंचं मत वेगळं होतं. भांडणाला जागा लागते. कारण मागाहून येतं, आणि नाही आलं तरी कोणाचं अडत नाही. त्यांच्या इमारतीत ही जागा म्हणजे गच्ची.

गच्ची ऐसपैस, चौरस होती. मोठमोठ्या चौकोनी फरश्यांची. एका अंगाला रस्त्याकडचा कठडा, त्याच्या समोरच्या अंगाला पाण्याची टाकी, आणि जिन्याची भिंत कठड्याला जिथे मिळते त्या कोपऱ्यात वर यायचं दार. इमारतीत घरं चार, आणि चारही घरांचे कपडे तिथेच वाळत. दोऱ्या ज्याला जशा सुचतील तशा बांधलेल्या. एक टाकीच्या नळाला, एक कठड्याच्या गजाला, एक तर कोणाच्या तरी मोडक्या खुर्चीला. खुर्ची हलली की अख्खं घर खाली यायचं, म्हणजे घराचे कपडे.

काकूंना गच्ची का हवी होती ते आधी समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाचं ते होतंच, पण विनाकारण नव्हतं. घरातलं त्यांचं राज्य कधीच संपलं होतं, फक्त कोणी तसं जाहीर केलं नव्हतं. स्वयंपाकघर सुनेने हिसकावून घेतलं असं म्हणणं खोटं ठरेल. एक दिवस सगळे डबे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेले, काकूंचा हात तिथवर पोचेना, आणि विषय मिटला. पुढे कपडे धुवायचं यंत्र आलं. त्याला इतकी बटणं होती की काकूंनी त्याच्याशी संबंधच ठेवला नाही. पण यंत्र धुतं, पिळतं आणि तोंड बंद करून बसतं. वाळत घालणं त्याच्या बापाला जमत नाही. तेवढं काकूंनी स्वतःकडे ठेवलं. ओली चादर कोपऱ्याला कोपरा जुळवून झटकायची, तिचा तो फटकारा पार रस्त्यापर्यंत ऐकू जायला हवा, मग चिमटे, मग खुर्ची टाकून राखण. तिथे त्यांना कोणी "आई, राहू द्या, मी करते" असं म्हणत नसे. गच्ची गेली असती तर काकूंना दिवसभर दिवाणखान्यात बसून टीव्ही बघावा लागला असता, आणि टीव्ही बघणाऱ्या म्हाताऱ्या बायकांबद्दल काकूंचं मत फार वाईट होतं.

तर एके सकाळी पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपले जाड पडदे निथळते तसेच वाळत घातले, आणि त्यांचं पाणी काकूंच्या वाळत आलेल्या चादरींवर पडलं.

"डॉक्टरीणबाई, पडदे पिळायची पद्धत तुमच्याकडे नाही वाटतं," काकू म्हणाल्या.

"काकू, ते पिळले की चुरगळतात."

"मग माझ्या चादरी काय इस्त्रीला आलेल्या आहेत?"

"तुमची दोरी माझ्या दोरीखाली आली, त्याला मी काय करू?"

"तुमची दोरी वर गेली, की माझी खाली आली?"

हे असं जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. त्यात पुढे तिसऱ्या घरातला शिंपी पडला, कारण त्याच्या गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्हीकडून पाणी लागलं होतं. संध्याकाळी सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली. सेक्रेटरी हे चौथ्या घरातले, एका मोठ्या कचेरीच्या दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण कागदाशिवाय त्यांना काही दिसत नसे. घरात आग लागली तर आधी जावक क्रमांक टाकतील असे. नोटिशीत लिहिलं होतं की गच्चीच्या वापराबाबत चारही घरांनी पुढच्या मासिक सभेपर्यंत एकमताने व्यवस्था ठरवावी आणि ती पाळली जात असल्याचं प्रत्यक्ष दाखवावं. अन्यथा गच्चीला कुलूप घालण्यात येईल. कुलूप त्यांनी त्याच दिवशी आणून ठेवलं. चांगलं मोठं, पितळी. काकूंना ते त्यांच्या खिशाच्या आकारावरून कळलं.

व्यवस्था ठरवायला सगळे बसले. पहिली व्यवस्था अशी ठरली की दाराच्या डावीकडे काकू आणि उजवीकडे डॉक्टरीणबाई. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच बाजूला. एकीने डावं धरलं होतं वर येताना, दुसरीने खाली उतरताना. मग ठरलं की टाकीच्या अलीकडे शिंपी. अलीकडे म्हणजे कुठे, हे टाकीला विचारायचं राहून गेलं. शब्द जितके जास्त तितकी तोंडं जास्त.

तेव्हा भाऊजींनी तोंड उघडलं.

भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवलं. बायको गेल्यापासून काकूंकडेच मागच्या खोलीत राहत. काकूंनी त्यांना इतकी वर्षं जेवू घातलं होतं, आणि एवढी हुशारी नेमकी कशाला वापरतात हे त्यांना अजून दिसायचं होतं. भाऊजींना साधा दिवा बदलता येत नसे, पण दिवा का लागतो ते पाऊण तास सांगता येत असे.

"वहिनी, भांडण भाषेचं आहे," ते म्हणाले. "भाषा काढून टाका. गणितात भांडण नसतं."

"तुमच्या वर्गात मुलं मारामाऱ्या करायची ती मग कशावरून?"

"ती मधल्या सुट्टीत."

भाऊजींनी गच्चीचा आलेख केला. आलेख म्हणजे चौकटींचा कागद. गच्चीला चौकोनी फरश्या आहेतच, म्हणजे देवानेच आखून दिलेला, असं ते म्हणाले. जिन्याचा कोपरा म्हणजे शून्य. त्या कोपऱ्यातून रस्त्याच्या कठड्याला धरून जायचं तो एक्स, त्याच कोपऱ्यातून जिन्याच्या भिंतीला धरून टाकीकडे जायचं तो वाय. मोजायच्या फरश्या. कागदावर एक्स आडवा काढला, वाय उभा. मग खाली प्रत्येक घराचं एकेक समीकरण. काकू: एक्स = ३. डॉक्टरीणबाई: एक्स = ५. शिंपी: एक्स = ७. सेक्रेटरी: एक्स = ९. मधल्या फरश्या चालायला मोकळ्या.

"बस, एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच. यापुढे एक अक्षर लिहिलं तर घोटाळा होईल."

सेक्रेटरींनी त्यावर शिक्का मारला आणि कागद जिन्यात लावला. आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले. परत आले ते डोळ्यांवर पट्टी घेऊन. वाकायचं नाही, जिना चढायचा नाही, मागच्या खोलीत पडून राहायचं. इमारतीत गणित कळणारा माणूस एकच, आणि त्याला दिसत नव्हतं.

काकूंनी आपलं काम मनावर घेतलं. डॉक्टरीणबाईंच्या दोरीशी त्यांना बरोबरी करायचीच नव्हती. दोरी सैल पडते, दोरी माणसासारखी असते. त्यांना हवी होती पोलादी तार, दोन लोखंडी खांबांना ताणलेली, खांब सिमेंटमध्ये बसवलेले. एकदा बसले की बसले. वेल्डर आला. पायाखाली विडी विझवली आणि म्हणाला, "मावशी, कुठून कुठे?"

"एक्स बरोबर तीन."

"मला भिंत दाखवा, मावशी."

काकूंनी क्षणभर विचार केला. तो विचार काही वाईट नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. कागदावर एक्स आडवा झोपलेला होता. कठड्याला धरून जाणारा. आता ज्याचं नाव एक्स, तो एक्सच्याच दिशेला जाणार. नाव एका घराचं आणि जाणार दुसऱ्या घरी, असं चांगल्या कुटुंबात होत नाही. तेव्हा कठड्यापासून तीन फरश्या आत, कठड्याला समांतर, जिन्याच्या भिंतीपासून थेट पलीकडच्या टोकापर्यंत. त्यांनी हात लांब करून दाखवलं.

"उंची?"

"माझी चादर जमिनीला लागता कामा नये."

"मग तुमचा हात पोचणार नाही."

"माझ्या हाताचं मी बघते. तू खांब उभे कर."

खांब उभे राहिले. तार अशी ताणली की बोटाने छेडली तर वाजत होती. काकूंनी एक लांब काठी आणि एक स्टूल आणलं, आणि पहिली चादर घालून खुर्चीत बसल्या. एवढ्यात डॉक्टरीणबाई वर आल्या आणि त्यांनी आपली दोरी कठड्यापासून निघून टाकीकडे बांधली. काकूंच्या तारेला बरोबर छेदून, मधोमध, काकूंच्या चादरीच्या पोटातून.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"एक्स बरोबर पाच, काकू."

"एक्स आडवा असतो."

"एक्स आडवा असतो म्हणून एक्स बरोबर पाच उभी असते."

"म्हणजे आई गोरी म्हणून मुलगी काळी?"

"तसंच काहीतरी शाळेत शिकवलं होतं."

"तुम्हाला दात शिकवले. ते बघा."

शिंपी आला तो काकूंच्या बाजूने. त्याचं म्हणणं असं की कापडात आडवा धागा आडवाच जातो, उभा धागा उभाच जातो, आणि धाग्याने आपली दिशा सोडली तर सदऱ्याची बाही पाठीवर येते. त्याने कठड्यापासून सात फरश्या मोजून आपली दोरी काकूंच्या तारेला समांतर बांधली. आता गच्चीवर दोन आडव्या आणि एक उभी. राहिले सेक्रेटरी. ते पदाधिकारी असल्याने त्यांना कोणाचीच बाजू घेता येत नव्हती. त्यांनी फार विचार केला आणि दोरी तिरकी बांधली. शून्याच्या कोपऱ्यापासून निघून, सगळ्यांना छेदत, पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत. "मी तटस्थ आहे," ते म्हणाले.

यानंतर गच्चीवर चालणं बंद झालं आणि ओणवं होणं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट काकूंच्या सतरंजीला घासून करडे झाले. शिंप्याच्या गिऱ्हाइकाची विजार तिरक्या दोरीवरून घसरत घसरत सेक्रेटरींच्या बनियनवर जाऊन बसली. टाकी साफ करणारा माणूस दारातूनच परत गेला. जाळी काढा, मग बोलवा, म्हणाला. नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा आडव्यांनी उभ्यांना आणि उभ्यांनी आडव्यांना दोष दिला. सून एकदा टॉवेल घ्यायला वर गेली आणि हात हलवत खाली आली. "आई, मला वाट सापडली नाही," एवढंच म्हणाली. हसली मात्र नाही. ते काकूंनी लक्षात ठेवलं, न हसणं हे हसण्यापेक्षा वाईट म्हणून.

दोन्ही पक्ष भाऊजींच्या खाटेपाशी आले. आधी डॉक्टरीणबाई.

"काका, मी एक्स बरोबर पाच बांधली आहे."

"फरश्या मोजल्या?"

"नीट मोजल्या. पाच."

"मग बरोबर आहे."

त्या विजयी होऊन गेल्या. मग काकू गेल्या. "भाऊजी, माझी तीनवर आहे."

"शेवटपर्यंत तीन?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेल्डरने दोरा धरून मोजलंय."

"मग बरोबरच आहे, वहिनी. एवढं सोपं आहे ते."

पट्टीखाली भाऊजी प्रसन्न होते. कित्येक वर्षांत लोकांनी त्यांना इतकं विचारलं नव्हतं. शिंप्यालाही त्यांनी बरोबर ठरवलं. असे सगळे बरोबर ठरले आणि भांडण दुप्पट झालं.

त्यात सेक्रेटरींनी काकूंच्या खांबांबद्दल विचारणा केली. सामायिक जागेत सिमेंटचं काम, परवानगी कुठे आहे? काकू म्हणाल्या, परवानगी मागितली असती तर तुम्ही दिली असती का? नसती दिली, सेक्रेटरी म्हणाले. मग न मागून मी तुमचा वेळच वाचवला, काकू म्हणाल्या. तरी अर्ज भरावा लागला. अर्जात एक रकाना होता, बांधकाम उभं की आडवं.

"खांब उभे, तार आडवी," काकूंनी सांगितलं.

"दोन्ही लिहिता येत नाही. एकावर खूण करायची."

"मग डॉक्टरीणबाईंची दोरी उभी म्हणता ती कुठून उभी आहे? जमिनीला सपाट तर आहे."

सेक्रेटरींनी पेन टेबलावर ठेवलं. गच्चीवर पसरलेली एखादी दोरी उभी कशी, हा प्रश्न त्यांच्या सेवाकाळात कधी आला नव्हता. "ती कागदावर उभी आहे," ते शेवटी म्हणाले. आणि मग जरा कठोर होऊन, "काकू, रविवारी सभा आहे. कागद आणि गच्ची जुळली पाहिजे. कोणाचं बरोबर ते मला नको. कागदावर एक आणि वर दुसरं दिसलं, तर कुलूप."

काकू तिथून निघाल्या त्या थेट वर गेल्या. सभेच्या आधी आपलं म्हणणं पक्कं करून ठेवावं, असा त्यांचा बेत होता. तोंडी भांडण्यात त्यांना कोणी हरवलं नव्हतं, पण सेक्रेटरींना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्या तारेवर फरशीगणिक एक चिमटा लावायचा आणि प्रत्येक चिमट्यापाशी उभं राहून दाखवायचं की बघा, इथे एक्स तीन, इथेही एक्स तीन, आणि इथेही.

स्टूल घेऊन त्यांनी जिन्याच्या भिंतीकडून सुरुवात केली. पहिला चिमटा. एक्स कुठून मोजायचा? कोपऱ्यातून, कठड्याला धरून. एक. हा एक्स एक झाला. असू दे, सुरुवात आहे. स्टूल पुढे सरकवलं. दुसरा चिमटा. एक्स दोन. तिसरा. एक्स तीन. इथे काकूंना बरं वाटलं आणि त्यांनी तो चिमटा जरा जास्त दाबून लावला. पुढे गेल्या. एक्स चार.

काकू स्टुलावरच उभ्या राहिल्या. मग खाली उतरून परत पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तेच. जसजशी तार पुढे जाई तसतसा एक्स वाढत जाई, तीनवर थांबायला तो तयारच नव्हता. तीनवर कोण थांबला होता? कठड्यापासूनचं अंतर. पहिल्या चिमट्यालाही तीन, शेवटच्यालाही तीन. म्हणजे वाय.

त्यांनी मान वळवून डॉक्टरीणबाईंच्या दोरीकडे बघितलं. करडे झालेले कोट लटकत होते. पहिला कोट, एक्स पाच. दुसरा, एक्स पाच. अगदी टाकीजवळचा लहानसा रुमाल, त्याचाही एक्स पाचच. वाय मात्र कठड्यापासून टाकीपर्यंत मनाला येईल तसा हिंडत होता.

काकू खुर्चीत बसल्या. चादर अजून बादलीतच होती. त्यांना पहिल्यांदा राग आला, मग कोणावर ते ठरेना म्हणून तो परत गेला. नाव ज्याचं घेतलं तो जागच्या जागी खिळलेला. ज्याचं नावच घेतलं नाही तो सगळीकडे पळतोय, आणि रेघ जाते ती त्याच्या वाटेने. हे तर त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. दारावरच्या पाटीवर नाव यजमानांचं होतं, आणि यजमान आयुष्यभर एका आरामखुर्चीत होते. पाटीवर जिचं नाव नव्हतं ती स्वयंपाकघर, मोरी, जिना, बाजार करत होती. घराची रेघ कोणाच्या पायांनी ओढली होती ते पाटी वाचून कळलं नसतं. फक्त याला गणित म्हणतात हे काकूंना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या खाली आल्या. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"भाऊजी, वाय बरोबर तीन असं काही असतं का?"

"असतं की. का हो, वहिनी?"

"काही नाही. असतं का ते विचारलं."

रात्री त्या नेहमीसारख्या जेवल्या. पण सुनेने भात वाढताना बघितलं की आईंनी आज कशालाच नाव ठेवलं नाही, आणि तिला काळजी वाटली. काकू मनात हिशेब करत होत्या, आणि तो कुठूनही केला तरी एकाच ठिकाणी येत होता. गप्प राहावं तर कागद आणि गच्ची जुळत नाही, आणि कुलूप लागतं. चूक मान्य करावी तर खांब उपटावे लागतात, आणि ते उपटताना सगळी इमारत बघायला वर येते. एकीकडे टीव्ही होता आणि दुसरीकडे डॉक्टरीणबाईंचं तोंड.

रविवारी सभा गच्चीवरच भरली. सेक्रेटरी कुलूप हातात घेऊन आले. भाऊजींची पट्टी निघाली होती. काळा चष्मा लावून, जिन्याच्या कठड्याला धरून ते वर आले, आणि दारातच थांबले. त्यांनी आधी काकूंची तार बघितली. मग शिंप्याची दोरी. मग त्या तिरकीकडे बघून चष्मा काढला, पुन्हा लावला आणि जवळची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

"ही तिरकी कोणाची?"

"माझी," सेक्रेटरी म्हणाले. "तटस्थ."

"ही एक्स बरोबर वाय. तुम्हाला नऊ दिलं होतं. यात नऊ कुठेच नाही, नुसते दोघे एकमेकांकडे बोट दाखवताहेत." मग त्यांचं तोंड काकूंच्या तारेकडे वळलं. "आणि वहिनी, ही तर..."

"थांबा, भाऊजी. आजारी माणसाने जास्त बोलू नये," काकू म्हणाल्या आणि उठल्या. हातात चिमट्यांची टोपली होती. "इतके दिवस सगळे भांडलात, पण एकानेही मोजलं नाही. हे बघा."

आणि त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या दोरीवर चिमटे लावत लावत, इथे एक्स किती, इथे किती, असं प्रत्येकाला विचारत, शिंप्याकडून उत्तर काढून घेत, सेक्रेटरींना फरशीवर उभं करत. ज्याचं नाव आणि आकडा कागदावर आहे, तो तिथेच बांधलेला. ज्याचं नाव नाही, त्याला सगळी गच्ची मोकळी. म्हणून एक्स बरोबर पाच ही रेघ एक्सच्या दिशेने कधीच जात नाही, कारण एक्सला हलायची परवानगीच नाही. जाणार ती वायच्या दिशेने. कागदावर बघाल तर उभी.

भाऊजी बादलीवर पुढे सरकून बसले होते.

"म्हणजे काकू, माझं बरोबर होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"होतं. का बरोबर होतं ते माहीत होतं का?"

बाई खोटं बोलणारी नव्हती. "कठड्यात तिथे आधीचा एक खिळा होता," त्या म्हणाल्या.

"मग बरोबर तो खिळा होता," काकू म्हणाल्या.

शिंप्याने एव्हाना आपली दोरी सोडून सातवर नव्याने, टाकीकडे जाणारी बांधायला घेतली होती. तो कापड बिघडण्याआधी उसवणारा माणूस होता. सेक्रेटरींनी आपली तिरकी गुंडाळून नऊवर नेली आणि कठड्यापासून टाकीकडे सरळ बांधली. कागदावर तीन नावांपुढे त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या. मग पेन काकूंच्या नावावर येऊन थांबलं. सगळ्यांनी वर बघितलं. तार उन्हात चमकत होती, कठड्याला समांतर, सगळ्यांना आडवी.

"काकू, तुम्हीच आत्ता सांगितल्याप्रमाणे," सेक्रेटरी हळू म्हणाले, "ही एक्स बरोबर तीन नाही."

"नाही."

"मग कागद आणि गच्ची जुळत नाही." त्यांनी कुलूप दुसऱ्या हातात घेतलं. "तार काढावी लागेल."

सून दारात उभी होती. तिने खाली बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही बघितलं ते दुसरीकडेच, आणि काकूंना त्यांची ती सभ्यता फार बोचली. काकूंनी टोपलीतला एक चिमटा उचलला, उघडून बघितला, परत टाकला.

"तार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कागद चुकलाय. माझ्या नावापुढचा एक्स खोडा आणि वाय लिहा. वाय बरोबर तीन."

सेक्रेटरींनी भाऊजींकडे बघितलं. "असं समीकरण नियमात बसतं?"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे त्या नजरेत काय होतं ते कोणाला कळलं नाही. "पूर्ण बसतं," ते म्हणाले.

"पण वाटप बदलायचं तर ठराव पाहिजे."

"वाटप कुठे बदलतंय? मला तीन दिले होते, तीनच राहिले. अक्षर तेवढं चुकलं होतं."

आकडा तोच आहे हे सेक्रेटरींनी तीनदा वाचून बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "लेखनदोष," ते म्हणाले. "लेखनदोष सेक्रेटरीच्या अधिकारात येतो." त्यांनी एक्स खोडला, वाय लिहिला, बाजूला सही केली आणि कुलूप खिशात टाकलं.

"पण काकू, तुमची तार आमच्या सगळ्यांच्या दोऱ्यांना छेदून जाणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उंच आहे ती. चादर असली तर वाकून जायचं. मान वाकते ना तुमची? लोकांच्या तोंडात बघायला दिवसभर वाकवताच की."

सभा संपली. लोक एकेक करून तारेखालून दाराकडे गेले. सून जाताना म्हणाली, "आई, स्टुलावर तुम्ही चढू नका, मी वर येऊन घालत जाईन." काकू म्हणाल्या, "चादर घाल. चिमटे मी सांगेन तिथे लावायचे." सून बरं म्हणाली.

भाऊजी मात्र बादलीवरून उठले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही आज जे सांगितलंत, ते मुलांच्या डोक्यात घालायला मला वर्ष लागायचं."

"तुम्ही मुलांना खडू दाखवत होतात. चिमटे दाखवायचे."

"एकच राहिलं. रेषेला चढ असतो. किती चढते, किती उतरते ते. तुमची आडवी. आडव्या रेषेचा चढ शून्य."

काकूंची मान वळली. "सगळ्या गच्चीत शून्य मलाच?"

"आडव्या रेषेला शून्यच असतो, वहिनी. त्यात कमीपणा नाही."

"आणि तिच्या दोरीला?"

"उभ्या रेषेचा चढ काढताच येत नाही. काढायला गेलं तर शून्याने भागावं लागतं, आणि ते चालत नाही. म्हणजे तो नसतोच."

"नसतोच?"

"अजिबात नाही. तिला नाही, शिंप्याला नाही, सेक्रेटरींना नाही."

काकूंनी डॉक्टरीणबाईंच्या दोरीकडे बघितलं, मग आपल्या तारेकडे. "म्हणजे शून्य का होईना, मला आहे."

"तसं म्हणता येईल."

"मग सेक्रेटरींना कागद परत द्यायला सांगा," काकू आपल्या बादलीतली चादर उचलत म्हणाल्या. "माझ्या नावापुढे तेही लिहायचंय."